परमुलखातले पहिले बाळंतपण

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात, १९ तारखेला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक फर्मान काढून ‘एच-वन-बी’ व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसविला, तेव्हा आमच्या शहरातील मध्यमवर्गीय घराघरांत केवढे काहूर उठले होते! नोकऱ्यांचे काय होणार, कर्जाचे हप्ते कसे फिटणार, ठरलेली लग्ने मोडणार की काय, ह्यांविषयी रकानेच्या रकाने छापून आले. त्याच वर्षी २० जानेवारीस ह्याच अध्यक्षांनी दुसरे एक फर्मान काढून, तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलांचे जन्मसिद्ध नागरिकत्व काढून घेण्याचा घाट घातला होता. ते प्रकरण न्यायालयात गेले, आणि बाळाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा होणार ह्यावर दिवाणखान्यांतून खल झाला. बापाच्या नोकरीची चिंता झाली, बाळाच्या नागरिकत्वाची चिंता झाली. ह्या दोहोंच्या मध्ये जी उभी असते, नऊ महिने जी ते बाळ वाहते, त्या आईविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. तिचे बाळंतपण कोठे होणार, त्याचा खर्च कोण सोसणार, आणि नवऱ्याची नोकरी मध्येच सुटली तर तिने कोणाच्या दारात उभे राहायचे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणाला सुचला नाही. आम्हांलाही तो सुचला नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आज तो आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची महाराष्ट्राची रीत जुनी आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, आणि मुलगी आईच्या घरी येऊन राहते. ह्या रीतीकडे केवळ लाडाकोडाचा प्रकार म्हणून पाहणे चूक आहे. ती एक विचारपूर्वक बसविलेली व्यवस्था होती. सासरी जिला अजून तोंड उघडण्याची सोय नाही, अशा नव्या मुलीला आयुष्यातील धोक्याच्या घडीला तिच्या हक्काच्या माणसांत नेऊन ठेवायचे, आणि त्या काळातला भार माहेराने उचलायचा, असा तो एक अलिखित विमाच होता. त्यात दोष होते. गरीब बापाला तो भार जड जाई, आणि मुलगी झाली म्हणजे तोंडे वाकडी होत, ती वेगळीच. परंतु बाळंतीण उघड्यावर पडत नसे. आज ज्या घरची लेक सातासमुद्रापलीकडे नांदावयास जाते, त्या घरचा हा विमा विमान उडाल्याबरोबर संपुष्टात येतो. त्याच्या जागी दुसरा आपोआप उभा राहतो, अशी मात्र आमच्या सुशिक्षित वर्गाची भाबडी समजूत आहे. ‘तिकडे सगळे व्यवस्थित असते’ ह्या एका वाक्यावर आपण लेक परदेशी पाठवितो. तिकडे खरोखर काय असते, ते एकदा नीट पाहिले पाहिजे.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. तीन आठवड्यांची रजा काढून मुलगा अमेरिकेहून येतो, चार दिवसांत लग्न उरकते, आणि तो एकटा परत जातो. मुलीचा व्हिसा होण्यास काही महिने लागतात. ती इंजिनियर असते, बँकेत अधिकारी असते, महाविद्यालयात शिकवीत असते. त्या नोकरीचा राजीनामा देऊन ती जाते आणि तिच्या पासपोर्टावर ‘एच-फोर’ असा शिक्का बसतो. ह्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की, ही बाई अमक्याची अवलंबित आहे. त्याचा परवाना चालू तोवर हिचा चालू. अशा स्त्रियांना नोकरी करू देण्याची सवलत २०१५ साली दिली गेली. पण ती ज्यांच्या नवऱ्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज बराच पुढे सरकला आहे, त्यांच्यापुरतीच. नवी नवरी तीत बहुधा बसत नाही.

ब्रिटनमध्ये आहे तशी सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा अमेरिकेत नाही. तेथे कमावत्या वयाच्या माणसाला विमा मिळतो तो मुख्यतः नोकरीतून. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायकोचे नाव घालावे लागते, आणि पहिली मेख येथेच आहे. लग्नानंतर नाव घालण्याची जी हमी कायदा देतो, तिची मुदत किमान ३० दिवसांची आहे. आणि हे दिवस लग्नाच्या तारखेपासून मोजले जातात, बायको विमानातून उतरली त्या तारखेपासून नव्हे. लग्न मार्गशीर्षात पुण्यास झाले आणि मुलगी चैत्रात न्यू जर्सीला पोहोचली, तर मधल्या धांदलीत ती मुदत कधीच टळून गेलेली असते. कंपनीच्या नियमांत वेगळी सवलत नसेल, तर पुढील वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते. स्वतंत्र पॉलिसी विकत घेण्याचा मार्ग आहे; परंतु त्यासाठीही देशात कायदेशीर प्रवेश झाल्यापासून ६० दिवसांची मर्यादा आहे. ती हुकली आणि त्यानंतर दिवस राहिले, तर काय? बाळाचा जन्म हे नव्याने विमा उतरविण्यास पुरेसे कारण आहे, असे तेथील मध्यवर्ती कायदा मानतो. गर्भारपण हे तसे कारण आहे असे मानीत नाही! न्यूयॉर्कसारख्या थोड्या राज्यांनी ही विसंगती आपल्यापुरती दूर केली आहे. पण मुलगी कोणत्या राज्यात पडणार, हे तिच्या हाती नसते. ते नवऱ्याच्या कंपनीच्या हाती असते.

ह्या तारखा हुकल्या तर किती रुपयांना पडतात, तेही सांगतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे, मोठ्या कंपन्यांचा विमा असलेल्या स्त्रीच्या गर्भारपणाचा, बाळंतपणाचा व त्यानंतरच्या शुश्रूषेचा खर्च सरासरीने सुमारे १९ हजार डॉलर येतो. म्हणजे पंधरा लाख रुपयांहून अधिक. विमा असूनही त्यांतील जवळजवळ २,९०० डॉलर कुटुंबाला खिशातून द्यावे लागतात. विमा नसला तर सारा बोजा त्यांच्यावरच. वेणा देत आलेल्या स्त्रीला तातडीच्या विभागाच्या दारातून परत पाठविता येणार नाही, असा कायदा अमेरिकेने १९८६ साली केला, ही गोष्ट त्या देशाला भूषणावह आहे. परंतु ह्या कायद्याने दार उघडते, बिल माफ होत नाही. शिवाय वेणा सुरू होण्यापूर्वी जे नऊ महिने असतात, त्यांत रक्त तपासणे, रक्तदाब पाहणे, बाळाची वाढ मोजणे, ह्यांची जबाबदारी तो कायदा कोणावरही टाकीत नाही. बाळंतपणातील कित्येक धोके ह्याच महिन्यांत वेळीच ओळखता येतात, हे डॉक्टरांना विचारण्याचीसुद्धा गरज नाही.

अमेरिकेने ह्या बाबतीत काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. २०१४ सालापासून तेथे स्वतंत्र पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च धरलाच पाहिजे आणि गर्भारपणाचे निमित्त सांगून विमा नाकारता येणार नाही, असा नियम आहे. त्यापूर्वी अशा बहुतेक पॉलिसींत बाळंतपण चक्क वगळलेले असे. परंतु त्या देशाच्या कायद्याने परक्या मुलखातून आलेल्या स्त्रीकडे, किंबहुना कोणत्याही बायकोकडे, कोणत्या नजरेने पाहिले ते दोन घटनांवरून फार स्पष्ट होते. १९८३ साली व्हर्जिनियातील एका जहाजबांधणी कंपनीचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कंपनी आपल्या स्त्री-नोकरांच्या बाळंतपणाचा पूर्ण खर्च देई, पण पुरुष-नोकरांच्या बायकांना कमी देई. न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरविला. निकाल उत्तम होता. पण त्याचे कारण पाहा. अन्याय झाला तो बायकोवर म्हणून नव्हे, तर नवऱ्यावर! त्याला त्याच्या स्त्री-सहकाऱ्यांपेक्षा कमी मोबदला मिळत होता म्हणून. पुढे २००२ साली मध्यवर्ती सरकारने राज्यांना अशी मुभा दिली की, मुलांसाठी असलेल्या आरोग्ययोजनेत त्यांनी पोटातल्या गर्भाचेच नाव घालावे. जिला स्वतःला परदेशी म्हणून सरकारी मदत मिळत नाही, तिची तपासणी मग त्या गर्भाच्या खात्यावर होऊ शकते. अनेक गरीब स्त्रियांना ह्या युक्तीचा आधार झाला, हे खरे. पण एकदा नवऱ्याच्या नावाने आणि एकदा गर्भाच्या नावाने. मग प्रत्यक्ष जी कळा सोसते, तिच्या स्वतःच्या नावाने काय?

आता ह्या व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा पाहू. ‘एच-वन-बी’वरील माणसाची नोकरी सुटली, तर त्याला दुसरी शोधण्यास किंवा देश सोडण्यास फार तर ६० दिवस मिळतात. नोकरीबरोबर बायकोचा परवानाही डळमळतो, आणि विमाही जातो. तो विमा काही काळ चालू ठेवण्याची सोय कायद्यात आहे. पण त्यासाठी कंपनीचा वाटा धरून संपूर्ण हप्ता, आणि वर दोन टक्के, असे पैसे स्वतः भरावे लागतात. पगार बंद झालेल्या घराने! सातवा महिना लागला आहे, हाती साठ दिवस आहेत, परत यावे तर इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टरांची संमती मिळेल की नाही ह्याची शंका, आणि राहावे तर विम्याचा हप्ता घरभाड्याहून जड. माहेरची आई मदतीला आली, तर ती पाहुणी म्हणून येणार. तिच्या पिशवीत डिंकाचे लाडू आणि अळीव असतील, पण रुग्णालयाच्या हिशेबापुढे ती तरी काय करणार? ह्या पेचातील मुलीने कोणताही गुन्हा केलेला नसतो. तिने लग्न केलेले असते, इतकेच.

ही अवस्था अटळ आहे काय? मुळीच नाही. दुसरी राष्ट्रे काय करतात ते पाहावे. ब्रिटन परदेशी पत्नीकडून पैसे घेण्यात काही कसूर करीत नाही. आरोग्य-अधिभार म्हणून २०१५ साली वर्षाला २०० पौंड घेण्यास सुरुवात झाली. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पौंड झाला. बाहेरून येणाऱ्या पत्नीच्या पहिल्या परवान्यासाठी ३,१०५ पौंड आगाऊ मोजावे लागतात. त्याखेरीज, ११ एप्रिल २०२४ पासून तेथे राहणाऱ्या जोडीदाराची वार्षिक मिळकत किमान २९ हजार पौंड असल्याचे दाखवावे लागते. ही अट आम्हांला जाचक वाटते. गरिबाने परदेशी मुलीशी लग्न करू नये, असाच तिचा अर्थ होतो. पण एवढे झाल्यावर त्या मुलीसाठी सरकारी आरोग्यसेवेचे दार पहिल्या दिवसापासून उघडे असते, आणि बाळंतपणाचे वेगळे बिल येत नाही. मात्र जी पाहुणी म्हणून गेली, किंवा जिच्या परवान्याची मुदत टळली, तिची शुश्रूषा नाकारली जात नसली तरी तिच्यावर दीडपट दराने आकारणी होते. तेव्हा ब्रिटनचा न्यायही कागदावरच्या शिक्क्यापुरताच आहे.

कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्य कायद्याने प्रांतांना नवागतांसाठी तीन महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाल ठेवण्याची मुभा दिली. बाळंतपण काही तीन महिने थांबत नाही, ही साधी गोष्ट क्वेबेक प्रांताने ओळखली आणि गर्भारपण व बाळंतपण ह्यांना त्या प्रतीक्षेतून वगळले. ऑन्टॅरिओने मार्च २०२० मध्ये, महामारीच्या धास्तीने का होईना, ती प्रतीक्षाच उठविली. जर्मनीची रीत आणखी वेगळी. तेथील सार्वजनिक विम्यात कमावत्या माणसाच्या हप्त्यातच, मिळकत नसलेल्या पत्नीचा समावेश होत आला आहे. इतकेच नव्हे, तर बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत प्रशिक्षित सुईण घरी येऊन आईची व बाळाची विचारपूस करते, आणि तिचा मेहनताना विमा देतो. आमच्या माहेराने जे प्रेमाने केले, ते त्या राष्ट्राने कायद्याने केले! भाषा न येणाऱ्या, शेजारीण न ओळखणाऱ्या मुलीला ह्या सुईणीचा केवढा धीर वाटत असेल, ते ज्यांनी बाळंतपण एकटीने काढले आहे त्यांनाच विचारावे.

ह्यावर एक आक्षेप ठरलेला आहे. परक्या देशात आपण आपल्या इच्छेने गेलो. तेथील करदात्यांनी आमच्या बाळंतपणाचा खर्च का सोसावा? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण तो पोकळ आहे. ‘एच-वन-बी’वरचा माणूस पहिल्या पगारापासून अमेरिकेत कर भरतो. वृद्धापकाळाच्या सुरक्षेसाठी असलेली वर्गणीही त्याच्या पगारातून कापली जाते. ती सामान्यतः दहा वर्षे भरल्याशिवाय तिचा लाभ नाही, आणि त्याचा परवाना मुळात सहा वर्षांचा! भारत व अमेरिका ह्यांच्यात ह्याविषयी करार आजवर झालेला नाही. म्हणजे जो घेण्यापेक्षा देतोच अधिक, त्याच्या बायकोला याचक म्हणावयाचे, हा कोणता हिशेब? आणि हिशेब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. एखादे राष्ट्र तरुण माणसाला कामासाठी बोलावते, त्याने संसार करावा म्हणून त्याच्या तरुण बायकोलाही प्रवेश देते. ह्या दोघांना मूल होईल, हे त्या राष्ट्राला ठाऊक नसते काय? बायकोला आत घ्यावयाचे आणि तिचे बाळंतपण दाराबाहेर ठेवावयाचे, ह्याला धोरण म्हणता येत नाही. हा अप्पलपोटेपणा आहे.

परंतु दुसऱ्यांना बोल लावताना आपले अंगण झाडलेले असावे. आमच्याच महाराष्ट्रात दर वर्षी बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागांतून हजारो जोडपी ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या मुलखात जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. ह्या मोजणीत बाईला स्वतंत्र आकडासुद्धा नाही! पोटुशी असली तरी ती मोळ्या वाहते. गावची अंगणवाडी व ओळखीची आरोग्यसेविका मागे राहते. सरकारी रुग्णालयात मोफत बाळंतपणाची योजना २०११ सालापासून देशभर आहे. पण फडावरून रुग्णालयापर्यंत जाण्यास वाहन, सुट्टी आणि धीर हे तिन्ही लागतात. ‘एच-फोर’चा शिक्का असलेली इंजिनियर मुलगी आणि ‘अर्धा कोयता’ असलेली ऊसतोड करणारी बाई, ह्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण दोघींचे बाळंतपण नवऱ्याच्या कामाच्या शेपटाला बांधलेले आहे, एवढे साम्य मात्र नाकारता येणार नाही.

मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याने तो कायदा केला. बाळंतपण ही बाईची किंवा तिच्या नवऱ्याची खाजगी बाब नसून समाजाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व आमच्याकडे इतक्या पूर्वी मांडले गेले. जे तत्त्व गिरणीतील बाईला लागू, ते सीमा ओलांडणाऱ्या बाईला लागू नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. ज्या राष्ट्राने पत्नी म्हणून एखाद्या स्त्रीला प्रवेश दिला, त्याने तिच्या बाळंतपणाची हमी त्याच शिक्क्याबरोबर, त्याच दिवसापासून, आणि तिच्या स्वतःच्या नावाने दिली पाहिजे. नवऱ्याची नोकरी गेली तरी बाळ दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत ती हमी व तिचे वास्तव्य अबाधित राहिले पाहिजे. भारत सरकारने परराष्ट्रांशी श्रम व सामाजिक सुरक्षेविषयी वाटाघाटी करताना हे कलम आग्रहाने मांडावे. परदेशी कामास जाणाऱ्या विशिष्ट वर्गातील कामगारांसाठी सरकारने २००३ साली सक्तीची विमा योजना आणली. मग अवलंबित म्हणून जाणाऱ्या बायकांची आठवण का होऊ नये? निदान एवढे तरी व्हावे की, कोणत्या देशात किती दिवसांत कोठे नाव नोंदवावे, हे स्वच्छ मराठीत लिहिलेले एक पत्रक पासपोर्ट कचेरीत मिळावे. येथे विकल्या जाणाऱ्या प्रवास-विम्यात नेहमीचे बाळंतपण बहुधा वगळलेले असते, हेही त्यात ठळक अक्षरांत छापावे.

आणि शेवटी मुलींच्या आईबापांना दोन शब्द. लग्न ठरविताना आपण पत्रिका पाहतो, पगार विचारतो, घर स्वतःचे की भाड्याचे ह्याची चौकशी करतो. त्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्यास मुळीच संकोच करू नये: ‘आमच्या मुलीचे नाव विम्यात कधी घालणार, आणि त्यात बाळंतपण धरले आहे काय?’ लग्नाची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात जावयाने आपल्या कंपनीस कळवावे, आणि कळविल्याचा कागद मुलीच्या हाती द्यावा. हा प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. जो ह्या प्रश्नाने रागावेल, त्याच्या घरी लेक देण्यापूर्वी बापाने पुन्हा विचार करावा. पाठवणीच्या वेळी डोळे पुसणे सोपे असते; त्याआधी हा कागद मागून घेणे अधिक मायेचे आहे.